चौथा पॅड

२ सप्टेंबर

मामा,

नमस्कार वगैरे सगळं पोचलं असं समज. फोनवर तुझ्याशी बोलायचा नाद मी सोडला. परवा केला तर कुणीतरी "कोण? कोण? मोठ्यानं बोला" असं ओरडलं आणि आपटून ठेवला. तो तूच. इतक्या प्रेमानं फोन दुसरं कोणी आपटत नाही.

कामाचं बोलते. आम्ही तिघींनी बँड काढलाय. मी, पोस्टात खिडकीवर बसणारी माझी मैत्रीण आणि लिफ्ट दुरुस्त करणारी एक. पोस्टवाली कीबोर्ड वाजवते, लिफ्टवाली गिटार आणि मी ड्रम. तू हसून घे, मी थांबते. हसलास? तर नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात आमचा कार्यक्रम आहे. सगळी जुनी गाणी, तू बँडमध्ये वाजवायचास त्या काळातली. त्यात तो वरून खाली घसरत येणारा आवाज असतो ना, 'प्यूऽऽव', तो साध्या ड्रममधून निघत नाही. त्याला ते जुने सहा कोनी इलेक्ट्रॉनिक पॅडच लागतात. शिवाय खरे ड्रम घरी वाजवले तर खालच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब छताला झाडूची काठी मारतात, तीही बेताल. पॅडला हेडफोन लावता येतो.

इथे जुन्या वाद्यांचं एक दुकान आहे. दुकानदाराला आम्ही चष्मेवाला म्हणतो, कारण त्याचा एक चष्मा नाकावर असतो नि दुसरा कपाळावर. त्याच्याकडे पॅडचे तीन सेट आहेत आणि तिन्ही व्हिंटेज आहेत असं तो दर वाक्यात सांगतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दात असते तर बघताक्षणी सांगितलं असतं, कुठला ठेवायचा नि कुठला उपटायचा. कुठला घेऊ आणि बघायचं कसं, ते लिही.

आईला हे पत्र माहीत नाही. तुझं नाव निघालं की ती अजून भांडी आपटते. बावीस वर्षं झाली, भांडी मात्र चांगल्या कंपनीची निघाली.

तुझी
दातवाली


९ सप्टेंबर

दातवाली बाई,

आशीर्वाद. ते फुकट असतात म्हणून देतो.

फोन हे उथळ माणसांचं यंत्र आहे. काही सांगायचं असेल तर लिहावं, म्हणजे माणसाचा मूर्खपणा पुराव्यासकट जवळ राहतो. तुझं पत्र मी जपून ठेवलंय.

दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालायचे नि संध्याकाळी बँड. चाळिशीला आलीस, आता गुडघे सांभाळायचे दिवस. पोस्टवाली कीबोर्डवर म्हणजे गाणं आज सुरू झालं की आठवड्यानं पोचणार आणि लिफ्टवालीची गिटार मधल्या मजल्यावर अडकणार. तरी माझी हरकत नाही. लोकांनी तिकिटं काढली तर ते त्यांचं नशीब.

आता व्हिंटेज. जुनं म्हणायची लाज वाटली की लोक व्हिंटेज म्हणतात. त्या हिशोबानं मीही व्हिंटेज आहे, पण मला कुणी काचेच्या कपाटात ठेवलेलं नाही. मी आपला गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत राहतो नि खाली बसून लोकांचे मळके पंखे उघडतो. तुझ्या चष्मेवाल्यानं त्या शब्दाला हात घातला की समजायचं, मालात खोट आहे.

पॅडला स्वतःचा आवाज नसतो, हे आधी डोक्यात घे. आत नाण्याएवढी एक पितळी चकती चिकटवलेली असते. ती फक्त हादरा ओळखते नि वायरीतून पुढे कळवते. आवाज काढतो तो डबा. आम्ही त्याला मेंदू म्हणायचो. दहातले नऊ शहाणे नुसते पॅड घेऊन घरी जातात नि मग विचारतात, वाजत का नाही. मेंदू मागायचं त्यांना सुचत नाही आणि त्यात नवल काही नाही.

बघायचं कसं तर असं. रंगाकडे बघू नकोस, रंग कुणीही मारतो. वायर लाव नि खोबणीपाशी हलव. खरखर आली तर आत गंज आहे. एका पॅडला मारून बाकीच्यांवर कान ठेव, काही सेटमध्ये मारावं एकाला नि बोलतो दुसराच, आपल्या घरातल्यासारखं. आणि जोरात मारून बघू नकोस. जोरात मारल्यावर मेलेला पॅडही बोलतो. बोटानं हळू टिचकी मार. हळू मारलेलं ज्याला कळतं, तो पॅड घे.

सगळ्यात महत्त्वाचं, घेण्याआधी उघडून बघ. मागे सहा स्क्रू असतात. जुनी वस्तू न उघडता घेणारा माणूस गाढव. मी आयुष्यात जे जे उघडलं, पंखा म्हण, मिक्सर म्हण, त्याच्या आत पेनानं तारीख घालून ठेवली. पुढच्याला कळावं, शेवटचा शहाणा माणूस इथे कधी येऊन गेला ते.

एक अट. पत्रात तुझ्या आईचं नाव नको. मेंदू दुरुस्तीला घेऊन मी दोन दिवस परगावी काय गेलो, तिनं मागच्या मागे माझे चारही पॅड विकून टाकले. का, तर कुठल्याशा डॉक्टरनं सांगितलं की मनगट कामातून जाईल. माझं मनगट लोखंडाचं होतं. चांगला चाललेला माणूस तिनं घरी बसवला. पुन्हा या घराचा उंबरठा चढणार नाही म्हणालो आणि चढलो नाही. बाकी पॅडबद्दल काय हवं ते विचार.

मामा


२० सप्टेंबर

मामा,

तुझं अक्षर आम्हा डॉक्टर लोकांना लाज आणेल असं आहे. तीन ओळी लागल्याच नाहीत. त्यात शिव्या असाव्यात असं धरून पुढे गेले.

काल दुपारी दवाखाना बंद ठेवून चष्मेवाल्याकडे गेले. बरोबर तोंडात घालायचा छोटा आरसा नेला होता. हसू नकोस. दाताचं मूळ दुखावलंय का ते बघायला आम्ही त्याच आरशाच्या दांड्यानं दातावर हळूच टकटक करतो आणि आवाज ऐकतो. तुझी टिचकी नि आमची टकटक एकच निघाली. चष्मेवाला दोन्ही चष्मे एकावर एक चढवून बघत होता.

पहिला सेट पांढरा. त्यातल्या दोन पॅडना टिचकी कळतच नाही. दुसरा करडा. तो ऐकतो सगळं, पण एकाला मारलं की तिघं बोलतात. दोघांचेही मेंदू जागेवर आहेत. तिसरा काळा, कुणीतरी घरी ब्रशनं रंगवलेला, कोपऱ्यात टवका उडालाय तिथे खाली लाल दिसतं. त्याला मेंदू नाही. चष्मेवाल्यानं दुकानातला एक नवा डबा लावून ऐकवला. तीन पॅड उत्तम. चौथा मात्र 'थप' असा दबका बोलतो. चष्मेवाला म्हणाला, तो खराब आहे, तीनच घ्या.

पण खरं सांगू का, मला तो चौथाच आवडला. बाकी सगळ्या पॅडचं वरचं प्लास्टिक इतकं कडक की दहा मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंत ठणका लागतो. जमिनीवर काठी आपटल्यासारखं वाटतं. त्या चौथ्यावर हात पडला की बरं वाटतं. आमच्या धंद्यात मनगटं आधीच गेलेली असतात, मी रात्री पट्टा बांधून झोपते. उघडून बघायला चष्मेवाल्यानं परवानगी दिली नाही, म्हणाला, घ्या मग उघडा.

तर कुठला?

दातवाली


२३ सप्टेंबर

दातवाली,

पांढरा घेऊ नकोस. करडा घे. एकाला मारलं की तिघं बोलतात त्याला पॅडखाली रबराचे पाय लावले की भागतं.

तिसऱ्याचं नाव काढू नकोस. ज्या वस्तूला घरी बसून ब्रशनं रंग मारलाय तिचा मालक कसला होता ते त्यातच आलं. मेंदू नाही म्हणतेस, मग ते काय भिंतीला टांगणार आहेस? आणि चौथा दबका बोलतो म्हणजे आतली चकती सुटली आहे, हे तुझ्या चष्मेवाल्यालाही कळलं, तुला कळलं नाही. मऊ लागतो म्हणून आवडला. वा. पॅड म्हणजे काय उशी आहे? हात मऊ पडायला हवा असेल तर कणीक मळ. ज्यानं कुणी तो पॅड तसा करून ठेवलाय तो वाजवणारा नव्हता, रडणारा होता. असल्या माणसाच्या हातचं सामान घरात आणू नये. चारही पॅड एकदा बिघडले की बिघडले, एक चांगला नि एक वाईट असं त्यात नसतं.

आणि उघडायच्या भानगडीत तर पडूच नकोस. जुने पॅड उघडले की चकतीची तार तुटते. न समजता उघडणारी माणसंच जुन्या वस्तूंचा सत्यानाश करतात. त्याला म्हणावं, तो सेट भंगारात घाल. उद्याच्या उद्या जाऊन सांग. माझ्याकडून सांग हवं तर, नाव न घेता.

करडा घे नि विषय संपव.

मामा


६ ऑक्टोबर

मामा,

या वेळी तू तिसऱ्याच दिवशी उत्तर लिहिलंस. पहिल्या पत्राला उत्तर द्यायला तुला आठवडा लागला होता.

पांढऱ्याला तीन शब्द. करड्याला जेमतेम तीन ओळी. आणि जो घेऊच नये त्याच्यासाठी पानभर शिमगा. शिवाय नऊ तारखेला न उघडता घेणारा गाढव होता आणि तेवीस तारखेला उघडणारा गाढव झाला. खाई त्याला खवखवे, असं तूच मला लहानपणी बिस्किटांच्या डब्यावरून ऐकवायचास.

मी काळा सेट घेतला.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली नि चौथा पॅड उघडला. चकती जागच्या जागी, तार शाबूत. वरच्या प्लास्टिकखाली रबराचे दोन जाड तुकडे शेजारी शेजारी चिकटवलेले होते. निळे. एकाला अंगठ्याच्या पट्ट्याचं भोक, दुसऱ्यावर टाचेशी ५ हा आकडा. चपलेचा तळ, मामा. पॅडमध्ये बसावा म्हणून कापलेला. आणि त्यावर पेनानं तारीख, ११ मार्च, खाली साल. तुझी सवय तुला भोवली. तेव्हा तुझं अक्षर बरं होतं, एवढं मात्र म्हणते.

मग मी टवक्यापाशी नखानं काळा रंग खरवडला. खाली सगळं लाल. तुझे पॅड लाल होते हे मला आता आठवलं. मी तेव्हा सतरा वर्षांची, मला आरशाशिवाय काही दिसत नव्हतं.

आई पाणी प्यायला आली नि टेबलापाशी थांबली. तिनं तळ उचलला, आकड्यावर बोट फिरवलं, तारीख वाचली. मग खुर्ची ओढून बसली. मला वाटलं भांडी आपटेल. तिनं फक्त विचारलं, "हे त्यानं मार्चमध्ये घातलं?" मी म्हटलं, लिहिलंय तसं. ती तळ घेऊन तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जेवायला आली नाही.

तुझी अट मोडली, माहीत आहे. पण आता मला सांग. हात लोखंडाचा होता तर खाली गादी कशाला घातलीस?

आणि मेंदू तुझ्याकडेच आहे. तू गेलास तेव्हा एका हातात बॅग होती नि काखेत करड्या रंगाचा डबा. एवढं मी आरशातूनही पाहिलं होतं.

दातवाली


१० ऑक्टोबर

दातवाली,

चपलेचा तळ नादासाठी घातला होता. आवाजाची चिरचिर कमी करायला. हे वाजवणाऱ्यांना कळतं, दात कोरणाऱ्यांना नाही.

दुसऱ्याची वस्तू उघडून आत काय सापडलं याचं प्रदर्शन जेवणाच्या टेबलावर मांडणं, ही तुझ्या घराण्याची रीत दिसते. आधी न विचारता विकायचं, मग न विचारता उघडायचं. मेंदू माझ्याकडे असला काय नि नसला काय, तुला मिळणार नाही.

यापुढे पत्र लिहू नकोस.

मामा


१५ ऑक्टोबर

ठोक्या,

आशीर्वाद लिहीत नाही. लायकी दिसली की बघू.

तुझं दहा तारखेचं पत्र मी वाचलं. पोरीनं दिलं नाही, मी तिच्या पर्समधून काढलं. न विचारता. घराण्याची रीत.

निळी चप्पल, डाव्या पायाची, पाच नंबर. नवी होती, दोनदा घातली असेल. मी ती आठवडाभर शोधली. पलंगाखाली वाकून वाकून कंबर धरली माझी आणि तू शेजारी उभा राहून बॅटरी धरली होतीस. वर तूच म्हणालास, "ताई, शेजारच्यांच्या कुत्र्यानं पळवली असणार." मी त्या बाईच्या दारात जाऊन तिला नाही नाही ते बोलले. आजतागायत आम्ही एकमेकींकडे बघत नाही. ते कुत्रं मरूनही पंधरा वर्षं झाली. चोर म्हणून मेलं बिचारं.

पण चप्पल गेली खड्ड्यात. मला तारखेशी काम आहे.

डॉक्टरकडे मी तुला जूनमध्ये नेलं. तो म्हणाला, हे थांबवा, नाहीतर या हातानं घास उचलता येणार नाही. तू बाहेर येऊन हसलास, डॉक्टरला वेड्यात काढलंस. ऑगस्टमध्ये मी पॅड विकले. तू दारात उभा राहून म्हणालास, "माझा हात ठणठणीत होता, ताई. तू माझं आयुष्य विकलंस." ते वाक्य मी बावीस वर्षं सांभाळलंय. रोज वाटायचं, तो डॉक्टरच चुकला असेल तर? चांगल्या हाताचा माणूस मी घरी बसवला असेल तर? रेडिओवर ती गाणी लागली की मी रेडिओ बंद करायचे. पोरीला वाटतं मला गाण्याचा कान नाही.

आणि तू मार्चमध्येच माझी चप्पल कापून मनगटाखाली घातली होतीस. म्हणजे मला कळायच्या तीन महिने आधी तुला माहीत होतं.

मी तुला विचारून विकायला हवे होते. विचारलं असतं तर तू विकू दिले नसतेस, म्हणून विचारलं नाही. ती चूक माझी, ती मी मान्य करते. तुझ्या चुकीचं तू बघ.

एकच विचारते. दुखत होतं की नव्हतं? हो किंवा नाही, एवढंच लिही. नादबिद मला सांगू नकोस.

ताई


५ नोव्हेंबर

मामा,

लिहू नकोस म्हणालास म्हणून थोडक्यात लिहिते.

आईनं तुला काय लिहिलं ते मला माहीत नाही. एवढंच दिसतं की ती रोज दुपारी खाली जाऊन टपालाची पेटी उघडते. विचारलं तर म्हणते, विजेचं बिल बघायला. विजेचं बिल महिन्यातून एकदा येतं. पोस्टवाली म्हणाली, पत्र असेल तर मी हातात आणून देईन, काकूंना जिने चढउतर करायला लावू नका. तर आईनं तिलाच झापलं, तुम्ही लोक पत्रं गहाळ करता म्हणून. तीन आठवडे झाले. पोस्टाची बदनामी तुझ्यामुळे चालली आहे, आधी कुत्र्याची झाली तशी. ती हकिकत मला आईनंच सांगितली.

तळ तिनं परत आणून दिला. बरोबर स्वतःच्या तीन जुन्या चपलाही आणल्या. म्हणाली, "बाकीच्या तिन्हींतही घाल. तुझंही मनगट जायला नको." मी कापले, चिकटवले. स्क्रू लावायच्या आधी तिनं माझ्याकडून पेन घेतलं आणि तिन्हींवर तारीख घातली.

चष्मेवाल्याचा नवा डबा भाड्यानं आणलाय. आवाज निघतो, पण तो 'प्यूऽऽव' निघत नाही. काहीतरी गुळमुळीत निघतं. लिफ्टवाली म्हणते, कुणाला कळणार आहे. तुला कळलं असतं. कार्यक्रम एकोणतीस तारखेला आहे.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुझा सुंभ बघायला मला आवडेल, जळलेला असला तरी.

दातवाली


१३ नोव्हेंबर

ताई,

हो.

एवढंच लिहायचं होतं आणि त्याला महिना लागला. तीन वेळा लिहून फाडलं. प्रत्येक वेळी 'हो'च्या पुढे 'पण' येत होतं.

दुखत होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत एका कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला माझ्या उजव्या हातातली काठी गळून पडली. लोकांना वाटलं स्टाईल आहे, टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. दुसऱ्या रात्री काठी बोटांना चिकटपट्टीनं बांधून वाजवलं. ते पॅड दगडासारखे कडक होते. उजवा हात सगळ्यात जास्त चौथ्यावर पडायचा, म्हणून त्यात तुझी चप्पल घातली. स्वतःची का नाही घातली विचारशील, तर माझी झिजलेली होती. कुत्र्याचं नाव मीच घेतलं. दिवसाला चार गोळ्या खायचो. जूनमध्ये तू डॉक्टरकडे नेलंस तेव्हा तो जे बोलला ते मला आधीच ठाऊक होतं. नवीन फक्त तुला होतं.

तू पॅड विकलेस तेव्हा मी परगावी मेंदू दुरुस्त करायला गेलो नव्हतो. मेंदूला काही झालं नव्हतं. तिथल्या हाडाच्या डॉक्टरला हात दाखवायला गेलो होतो. डबा नुसता काखेत धरला होता, तुला संशय येऊ नये म्हणून. तो डॉक्टर म्हणाला, आजपासून बंद. मी तोंड पाडून घरी आलो, आता ताईला काय सांगायचं याचा विचार करत. आणि बघतो तर पॅड नाहीत. तुला खरं सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. वाजवता येत नाही असं कुणाला सांगावं लागणार नव्हतं. बहिणीनं पॅड विकले म्हणून वाजवत नाही, असं सांगता येत होतं. ते ऐकायला बरं वाटायचं. लोक हळहळायचे. मी ते इतक्यांदा सांगितलं की पुढे मलाही खरं वाटायला लागलं. त्याची झळ तुला लागत असेल हे कळत होतं, पण कळूनही मी गप्प बसलो.

दातवालीला माझं अक्षर लागत नाही. ते डाव्या हाताचं आहे. उजव्या हातानं मी सध्या पंखे धरतो, उघडतो डाव्यानं. चहाचा कप भरलेला असेल तर दोन्ही हात लावतो. आणि तिला सांग, फोन मी माजानं आपटत नाही. ऐकू येत नाही मला. स्टेजवरच्या स्पीकरांनी कान कधीच नेले. फोनवर मुंगी बोलतेय की माणूस तेच कळत नाही, मग कोण ते विचारत बसायचं, त्यापेक्षा उथळ यंत्र म्हटलेलं बरं.

सगळ्यांना नावं ठेवत आलो, चष्मेवाल्याला, लिफ्टवालीला, तुला. ज्याला ठेवायची त्याला सोडून.

मेंदू चालू आहे. दर वर्षी उघडून साफ करतो. आत तारखांना जागा उरली नाही. उद्या कुरिअरनं पाठवतो, पोरीला म्हणावं मागच्या डाव्या खोबणीत चौथा पॅड लाव. नीट बांधून देईन.

चप्पल भरून द्यायची आहे. नंबर पाचच आहे का?

ठोक्या


१८ नोव्हेंबर

ठोक्या,

एका अक्षराच्या उत्तराला बावीस वर्षं. पोस्टाला मी उगाच बोलले, तुझ्यापेक्षा ते जलद आहेत.

परगावी कशाला गेला होतास ते वाचलं. त्यावर मला खूप बोलायचं आहे, पण ते कागदावर मावणार नाही, आणि तुला ऐकू येत नाही म्हणतोस तर मला जवळ बसून मोठ्यानं बोलावं लागेल. माझी तयारी आहे.

डबा कुरिअरनं पाठवू नकोस, ते लोक फेकतात. स्वतः घेऊन ये. दोन दिवस आधी ये. वायरी लावायला कुणी शहाणा माणूस हवा असं पोरीचं म्हणणं आहे. माझं तसं काही म्हणणं नाही. उंबरठ्याचं काय करायचं ते तू ठरव. तो काही फार उंच नाही.

शेजारची बाई अजून तिथेच राहते. आलास की आधी तिच्या दारात जायचं आणि कुत्र्याचं काय ते सांगायचं. मी मागे उभी राहीन.

पाय सुजतात हल्ली. सहा नंबर लागतो. येताना दोन्ही पायांची आण.

ताई